लवकर निघालेला मुलगा

2004च्या हिवाळ्यातली एक सकाळ. बाहेर बर्फ साचलेलं, आत मी पोळ्या लाटत होते, आणि आमच्या घरमालकीण आजी जिना चढून वर आल्या. त्यांचे गुडघे दुखायचे, त्यामुळे त्या कधी वर येत नसत. काही सांगायचं असलं की खालूनच झाडूच्या दांड्याने छताला ठोकायच्या आणि मी खाली जायचे. त्या दिवशी त्यांच्या हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र होतं. दारातच म्हणाल्या, "चालला. पोरगा चालला."

क्षणभर मला वाटलं, त्यांच्या घरातलं कुणी गेलं. मग त्यांनी पेपर उलगडून माझ्यापुढे धरला. फोटो लॅरी फिट्झजेराल्डचा होता. युनिव्हर्सिटी ऑफ पिट्सबर्गच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा रिसीव्हर, म्हणजे पुढे पळत जाऊन फेकलेला बॉल झेलणारा, वय वर्षं वीस. कॉलेजची दोनच वर्षं खेळून तो एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टला, म्हणजे तिथले संघ आपापले खेळाडू निवडतात त्या निवडीला, निघाला होता. आजी माझ्या छोट्या टेबलाशी बसल्या. मी त्यांना तूप लावून पोळी दिली. त्यांनी ती गुंडाळी करून खाल्ली आणि म्हणाल्या, "बरोबर केलं त्याने. पण मला रडू येतंय."

मलाही येत होतं, आणि माझं कारण थोडं वेगळं होतं.

मी साताऱ्याची. एस.वाय.बी.एस्सी.ला असताना लग्न ठरलं. मुलगा अमेरिकेत पीएचडी करणारा, त्याची सुट्टी तीन आठवड्यांची, आणि माझी परीक्षा त्यानंतर दोन महिन्यांनी. बैठकीत कुणीतरी म्हणालं, राहिलेलं शिक्षण तिकडे पूर्ण करेल की! सगळ्यांनी माना हलवल्या. आईने मात्र रात्री भांडी घासताना मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "पदवी घेशील ना गं? शब्द दे." मी दिला. पिट्सबर्गला पोचल्यावर कळलं की माझ्या व्हिसावर नोकरीही करता येत नाही आणि पदवीसाठी पूर्णवेळ शिकताही येत नाही. 2002च्या ऑक्टोबरपासून माझ्याकडे दिवसच्या दिवस रिकामे होते.

विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे कॅथेड्रल ऑफ लर्निंग, बेचाळीस मजली, आमच्या ओकलंड भागात कुठूनही दिसणारी. तिच्यात वेगवेगळ्या देशांच्या नावाने सजवलेले वर्ग आहेत. भारताचा वर्ग नालंदा विद्यापीठाच्या धर्तीवर बांधलेला, विटांच्या भिंतींचा. वर्ग चालू नसले की तिथे कुणीही जाऊन बसू शकतं. मी जाऊन बसायचे. प्रवेश नसलेल्या विद्यार्थिनीने नालंदात बसायचं, एवढाच माझा कॉलेजशी संबंध. फुटबॉलचा संघ जिंकला की रात्री त्या इमारतीच्या माथ्यावर सोनेरी दिवे लागत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते दिसले की समजायचं, आज जिंकले.

खेळ मला आजींनी शिकवला, शनिवारी दुपारी, त्यांच्या टीव्हीसमोर. सुरुवातीला ती नुसती ढकलाढकली वाटायची. मग एकदा त्यांनी मला बॉलकडे बघायचं बंद करायला लावलं. म्हणाल्या, "कडेला उभा आहे ना, त्या एकट्याकडे बघ." तो रिसीव्हर. बॉल मागे गेला की तो सुसाट सरळ पळतो, बचाव करणारा त्याच्या अंगाला चिकटून. मग एका पावलावर तो उजवीकडे जायची हूल देतो आणि डावीकडे वळतो. मी ओरडलेच. ही तर आमची हूल! मी शाळेत आणि कॉलेजात खो-खो खेळले आहे. साखळी पळताना खांद्याने एक सांगायचं आणि पायाने दुसरं करायचं, हे मला अंगाने ठाऊक होतं. त्यानंतर मला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही.

आणखी एक गोष्ट मला ओळखीची वाटली. क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा खेळाडू, रिसीव्हर आत्ता जिथे आहे तिथे बॉल फेकत नाही. तो जिथे पोचणार आहे तिथे फेकतो. रिसीव्हर मान वळवतो तेव्हा बॉल आधीच हवेत असतो. खो-खोत पाटीवर बसलेल्या मुलीला मागून कोण येतंय ते दिसत नाही. पाठीवर थाप पडते, ‘खो’ ऐकू येतो आणि ती उठते. दोन्हीकडे न बघता विश्वास टाकायचा असतो, आणि तो विश्वास अनेक महिन्यांच्या सरावातून येतो.

लॅरी यात विलक्षण होता. तो सगळ्यांत वेगवान नव्हता, पण त्याच्या हाताला लागलेला बॉल खाली पडत नसे. शिकागोतले त्याचे आजोबा दृष्टितज्ज्ञ होते आणि त्यांनी नातवाकडून लहानपणी डोळ्यांचे व्यायाम करून घेतले होते. वडील मिनियापोलिसला क्रीडापत्रकार, त्यामुळे पोरगा मिनेसोटा व्हायकिंग्ज या एनएफएल संघाच्या सरावात बॉल आणून द्यायचं काम करत वाढला. क्रिस कार्टर, रँडी मॉस हे तिथले नामांकित रिसीव्हर त्याने हाताच्या अंतरावरून पाहिलेले. 2003च्या मोसमात त्याने 92 झेल घेतले, त्यांवर 1,672 यार्ड अंतर मिळवलं आणि 22 टचडाउन केले, म्हणजे बॉल पलीकडच्या टोकाच्या रेषेपार नेऊन गुण मिळवले. दोन मोसम मिळून सलग 18 सामन्यांत त्याने किमान एक टचडाउन केला. देशातल्या सर्वोत्तम रिसीव्हरचं बिलेटनिकॉफ पारितोषिक त्याला मिळालं, आणि कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूच्या हाइझमन ट्रॉफीसाठी तो दुसरा आला.

त्या नोव्हेंबरात नवऱ्याने दोन तिकिटं मिळवली. व्हर्जिनिया टेकविरुद्धचा सामना, हाइन्झ फील्डवर. ॲलिगेनी आणि मनाँगहेला जिथे मिळून ओहायो होतात त्या संगमाच्या काठावर ते मैदान आहे. कृष्णा आणि वेण्णेचा संगम बघत वाढलेल्या मला तिथे पोचताच बरं वाटलं. व्हर्जिनिया टेकचा संघ तेव्हा देशात पहिल्या पाचात होता, आणि पिट्सबर्ग 31-28 जिंकलं. पण माझ्या मनात राहिलं ते वेगळंच. खेळ थांबला की लॅरी कडेला एकटा उभा राहायचा, आणि तेवढ्या गर्दीत तो फार लहान दिसायचा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याची आई वारली होती. कॅरल तिचं नाव. स्तनाच्या कर्करोगाचे उपचार चालू असताना मेंदूत रक्तस्राव झाला. शेवटच्या काळात मायलेकात अबोला होता, आणि तो मिटायच्या आत ती गेली. तिचं ड्रायव्हिंग लायसन्स तो खिशातल्या पाकिटात ठेवायचा. तिला त्याने एक शब्द दिलेला होता: कॉलेजची पदवी पूर्ण करीन.

म्हणून ‘पोरगा चालला’ हे वाचून मला रडू आलं. म्हटलं, मोडला याने शब्द. माझ्यासारखाच.

लवकर निघायचं की थांबायचं, हा प्रश्न तिथे दर जानेवारीत शेकडो घरांत शिजतो. चौथ्या वर्षाला थांबलं तर पदवी मिळते आणि निवडीत वरचा क्रमांक लागण्याची शक्यता असते. पण त्या चौथ्या वर्षात एक चुकीचा टॅकल, म्हणजे समोरच्याने धरून पाडणं, पुरतो. एका वर्षापूर्वी, 3 जानेवारी 2003ला, राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यात मायामीच्या विलिस मॅगेहीचा गुडघा सगळ्या देशाने टीव्हीवर उलटा वळताना पाहिला होता. त्याच्यात जिद्द होती, संघही मिळाला, पण पुढचा अख्खा मोसम तो मैदानावर उतरू शकला नाही. आजींनी तो सामना बघताना उशी तोंडावर धरली होती. पोळी खाता खाता त्या त्याचीच आठवण काढत होत्या. "गुडघा मुलाचा जातो, कॉलेजचं काय जातं?" असं त्यांनी विचारलं.

मला ते पटलं आणि आजही पटतं. तेव्हा कॉलेजच्या खेळाडूला शिष्यवृत्ती, राहायला खोली आणि जेवण मिळे. त्याच्या नंबरचा शर्ट दुकानात टांगलेला असे आणि त्यातला एक सेंट घ्यायलाही त्याला बंदी होती. त्याच्या खेळावर टीव्हीचे करार व्हायचे, प्रशिक्षकाचा पगार ठरायचा. असा मुलगा निघाला की ‘संघाला सोडून गेला’ असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. वीस वर्षांच्या पायांची किंमत विसाव्या वर्षीच असते. मी खो-खो सोडला तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आज कुणी मैदान दिलं, संघ दिला, तरी ती हूल माझ्या गुडघ्यांत नाही.

पण निघायचं म्हटलं तरी दार आपल्या हातात नसतं. एनएफएलचा नियम असा की शाळा संपल्यावर तीन वर्षं लोटल्याशिवाय ड्राफ्टला येता येत नाही. लॅरीची कॉलेजची दोनच वर्षं झाली होती. मात्र आधीच्या शाळेतून निघून त्याने कॉलेजआधी व्हॅली फोर्जच्या सैनिकी शाळेत काळ घालवला होता. तो हिशेब धरून लीगने त्याला खास परवानगी दिली. एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला ॲरिझोना कार्डिनल्सनी त्याला तिसऱ्या क्रमांकावर उचललं. त्यांचे नवे प्रशिक्षक डेनिस ग्रीन, म्हणजे हा मुलगा व्हायकिंग्जसाठी बॉल आणून द्यायचा तेव्हाचेच तिथले प्रशिक्षक.

त्याच वसंतात अजून एक रिसीव्हर निघाला होता. त्याच्याबद्दल आता फारसं कुणी बोलत नाही, पण मला तोच जास्त आठवतो. माइक विल्यम्स. लॉस एंजेलिसच्या यूएससीचा, उंचापुरा. 2003मध्ये त्याचे 95 झेल आणि 16 टचडाउन होते. नववर्षाच्या दिवशी रोझ बोल या मोठ्या सामन्यात तर त्याने उलट आपल्या क्वार्टरबॅकलाच पास फेकून टचडाउन करवला होता. त्याचीही दोनच वर्षं झाली होती, पण मध्ये सैनिकी शाळा नव्हती. झालं असं की ओहायो स्टेटचा मॉरिस क्लॅरेट हा खेळाडू तीन वर्षांच्या नियमाविरुद्ध कोर्टात गेला. मॅगेहीचा गुडघा गेला त्याच सामन्यातला शेवटचा, अजिंक्यपद देणारा टचडाउन याच क्लॅरेटचा. फेब्रुवारी 2004मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायाधीश शीरा शाइंडलिन यांनी निकाल दिला की नियम बेकायदा आहे. दार उघडलं. विल्यम्सने त्या निकालावर विश्वास ठेवला, एजंट नेमला, वर्ग सोडले.

19 एप्रिलला वरच्या कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली. ड्राफ्ट 24 तारखेला होता. मे महिन्यात सविस्तर निकाल आला आणि नियम कायम राहिला. तो लिहिणाऱ्या न्यायाधीश सोनिया सोटोमायोर पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. विल्यम्स मागे वळला. त्याने पुन्हा अभ्यास सुरू केला, कॉलेजातून खेळायची परवानगी मागितली. कॉलेजच्या खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएएने ऑगस्टच्या शेवटी, मोसम तोंडावर असताना, नाही म्हटलं.

मग तो पूर्ण मोसम तो कुठेच नव्हता. व्यावसायिक नाही, विद्यार्थी खेळाडूही नाही. त्याचा संघ त्याच्याशिवाय एकही सामना न हरता अजिंक्य ठरला. मी त्या वर्षी नालंदाच्या वर्गात बसून त्याचा विचार करायचे. एक वीस वर्षांचा मुलगा शनिवारी दुपारी काय करत असेल? टीव्ही लावत असेल का? मला ती जागा माहीत होती. मागचं कॉलेज सुटलेलं, पुढचं दार बंद, आणि घरी फोन केला की ‘काय चाललंय?’ या प्रश्नाला उत्तर नसलेलं. मी आईला दर रविवारी सांगायचे, चौकशी करतेय, बघतेय, होईल. ती म्हणायची, हो गं, होईल.

2005मध्ये डेट्रॉइटने विल्यम्सला दहाव्या क्रमांकावर घेतलं. पण वर्षभर स्पर्धेबाहेर राहिलेलं शरीर पूर्वीचं राहिलं नव्हतं. वजन वाढलं, दोन वर्षांत संघ बदलले, आणि 2008 व 2009 ही दोन्ही वर्षं तो लीगच्या बाहेर होता. लोकांनी त्याचं उदाहरण करून टाकलं: बघा, लवकर निघालं की असं होतं! हे मला तेव्हाही अन्यायाचं वाटलं आणि आजही वाटतं. लॅरी आणि माइक यांनी एकाच वर्षी, एकाच वयाला, तोच निर्णय घेतला. एकाच्या शाळेच्या दाखल्यात एक जादा ओळ होती. 2010मध्ये यूएससीचेच जुने प्रशिक्षक पीट कॅरल सिएटलला आले आणि त्यांनी विल्यम्सला चाचणीला बोलावलं. त्या मोसमात त्याने 65 झेल घेतले. मी ते आकडे फ्रिजवर लिहून ठेवले होते.

मधल्या काळात आजींचा आणि माझा एक रविवार फार अवघड गेला. 1 फेब्रुवारी 2009, सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना. एका बाजूला पिट्सबर्ग स्टीलर्स, म्हणजे आजींचा धर्म. दुसऱ्या बाजूला लॅरीचा ॲरिझोना. दिवाणखान्यात स्टीलर्सचे चाहते फडकवतात तो आजींचा पिवळा टॉवेल, डाळीची भजी, आणि माझी तीन वर्षांची मुलगी. अडीच मिनिटं राहिली असताना लॅरीने मैदानाच्या मध्यावर बॉल घेतला आणि तो पळत सुटला, 64 यार्डांचा टचडाउन. पळता पळता त्याने मान वर करून मैदानातल्या मोठ्या पडद्यावर बघितलं, मागे कोण येतंय ते. कुणी पोचलं नाही. ॲरिझोना 23-20 पुढे. आजींनी टॉवेल मांडीवर ठेवला आणि हळूच टाळ्या वाजवल्या. "आपल्याच गावात शिकलाय," म्हणाल्या. मग 35 सेकंद उरली असताना सँटोनियो होम्सने कोपऱ्यात, पायांच्या बोटांवर तोल सांभाळत झेल घेतला आणि स्टीलर्स 27-23 जिंकले. होम्सही ओहायो स्टेटमधून एक वर्ष आधी निघालेला. आजी आनंदाने ओरडल्या आणि लगेच पडद्यावर लॅरीला शोधू लागल्या.

2011ला आम्ही पुण्याला परतलो. निघताना आजींनी मला एक पिशवी दिली. तिच्यात त्यांनी कापून ठेवलेली लॅरीची कात्रणं होती, 2003पासूनची. त्यातल्या एका मुलाखतीत त्याने आईला दिलेल्या शब्दाबद्दल सांगितलं होतं, आणि ‘पदवी’ या शब्दाखाली आजींनी पेन्सिलने रेघ मारली होती. त्यांना माझ्याबद्दल सगळं ठाऊक होतं. त्या कधी बोलल्या नव्हत्या.

2013च्या जूनमध्ये मी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा बी.ए.चा अर्ज भरला. बी.एस्सी.ची जुनी दोन वर्षं कुठे जोडता येणार नव्हती, पहिल्यापासून सुरुवात. अभ्यासकेंद्रात रविवारी माझ्या शेजारी एक रिक्षाचालक बसायचे, पुढे दोन अंगणवाडी सेविका, एक हवालदार. पुस्तकं सोपी, नीट लिहिलेली. रात्री मुलीचा गृहपाठ झाला की माझा. ॲरिझोनात लॅरीही तेच करत होता. दिवसा सराव, रविवारी सामने, आणि उरलेल्या वेळात युनिव्हर्सिटी ऑफ फिनिक्सचा अभ्यास. 2016मध्ये, कॉलेज सोडल्यानंतर बारा वर्षांनी, त्याने पदवी घेतली. तोपर्यंत त्याच्याकडे जे होतं ते बघता त्याला त्या कागदाची गरज काय होती, असं कुणीही विचारलं असतं. पुढे 2020चा मोसम संपला तेव्हा त्याच्या नावावर 1,432 झेल आणि 17,492 यार्ड होते. दोन्हींत त्याच्या पुढे एकटा जेरी राइस.

आता तिथलं चित्र बदललंय. 2021पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावता येतात, आणि 2025पासून विद्यापीठंही त्यांना थेट पैसे देतात, एका विद्यापीठाला वर्षाला सुमारे 2 कोटी डॉलरपर्यंत. त्यामुळे पैशासाठी घाईने निघणं कमी झालंय. मला याचा मनापासून आनंद आहे. तीन वर्षांची अट मात्र अजून तशीच आहे, आणि दर जानेवारीत नावांची यादी आली की मी रिसीव्हरांची नावं आधी वाचते. त्यांच्या आयांबद्दल काही लिहिलंय का, तेही बघते.

माझा शेवटचा पेपर 2016च्या उन्हाळ्यात होता. आई आदल्या दिवशी एसटीने साताऱ्याहून आली, नको म्हटलं तरी. परीक्षेच्या कॉलेजच्या आवारात कडुनिंबाखाली पाण्याची बाटली आणि डबा घेऊन बसली, मी दहावीला असताना बसायची तशी. मी पेपर लिहिला, दोनदा वाचला, पुरवणी बांधली. वेळ संपायला वीस मिनिटं होती. मी उत्तरपत्रिका देऊन बाहेर आले.

आई मला बघून घाईघाईने उठली. तिचा चेहरा उतरला होता.

"लवकर का गं निघालीस? सगळं लिहिलंस ना?"

"लिहिलं, आई. सगळं लिहिलं."

तिने बाटलीचं झाकण उघडून माझ्या हातात दिली आणि प्रश्नपत्रिका मागून घेतली. चष्मा लावला आणि पहिल्या प्रश्नापासून एकेक वाचत ती मला विचारू लागली, याचं काय लिहिलंस?